ज्याची विहीर, त्याचं मत

३ फेब्रुवारी, सोमवार

जमिनीखालचं पाणी कोणाचं? मला माहीत नाही. चार महिने याच कामाचा पगार घेते आहे आणि खरंच माहीत नाही!

आज मोहपाड्याला सभा झाली. आमच्याच चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा लोकांचा पाडा. मी नेहमीचं सांगितलं – पायथ्यापासून थेट तापीपर्यंत जमिनीखाली वाळू-गोट्यांचा एकच थर आहे. सगळ्या गावांच्या विहिरी त्यातूनच पितात. पाणी वर्षागणिक खोल चाललंय. म्हणून आता सरकार एक प्राधिकरण काढतंय. कोणी किती उपसायचं, नवा बोअर कुठे मारू द्यायचा, पाणी कुठे जिरवायचं, हे यापुढे ते ठरवेल, आणि त्यात सगळ्या गावांची माणसं असतील. तापी उत्तरकाठ भूजल प्राधिकरण. नाव उच्चारताना मला अजून बरं वाटतं. भूगर्भशास्त्र शिकून मी याच्यासाठीच तर आले.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. चमेलीबाई पावरा. आधी पदर कमरेला खोचला, मग बोलल्या. ‘पानी पडस आमना डोंगरवर. जिरस आमना नालामा. तुम्ही खाले मोटर लाईसन काढतस. मंग ते पानी कोनं शे, ताई?’

मी हातातला नकाशा पुन्हा उघडला.

देवरे साहेब (माझे वरिष्ठ, प्राधिकरण उभं करायचं काम यांच्याकडे) उठले, ‘फार सुंदर प्रश्न! ताईंसाठी टाळ्या!’ म्हणाले आणि स्वतःच वाजवू लागले. लोकांनीही वाजवल्या. चमेलीबाई उभ्याच. टाळ्या संपल्या, चहा आला, त्या उभ्याच.

परत येताना गाडीत साहेब हसून म्हणाले, ‘अशा प्रश्नांना टाळ्या द्यायच्या असतात मॅडम. उत्तर दिलं की दुसरा प्रश्न येतो.’

शी!

६ फेब्रुवारी

नियमांचा मसुदा हातात आला. दोनदा वाचला. ज्याच्या सातबाऱ्यावर चालू विहीर किंवा बोअर आहे, तोच सभासद. मत सभासदाला. निवडणुकीला उभा राहणारही सभासदच.

मोहपाड्यात एकही विहीर नाही. तिथं पाणी जिरतं, थांबत नाही. गोट्यांतून सरळ खाली आमच्या पिंप्रीसारख्या गावांकडे येतं. म्हणजे जिथून पाणी आत शिरतं ती गावंच्या गावं बाहेर, आणि जे काढतात ते सगळे आत!

साहेबांना सांगितलं. पायथ्याच्या गावांसाठी एक जागा ठेवा, विहिरीची अट नको. ते म्हणाले, ‘प्राधिकरण आधी जन्माला तर येऊ द्या. कान मग टोचू.’

मी टिपण लिहून दिलं. त्यांनी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

११ फेब्रुवारी

धुळ्याला बैठक. दोन्ही जिल्ह्यांचे लोक. मला वाटलं होतं आज उपशाच्या मर्यादेवर बोलणं होईल. सकाळभर एकच वाद – कार्यालय जळगावला की धुळ्याला! आमच्या जळगावकडचे एक गृहस्थ टेबलावर थाप मारून म्हणाले, ‘पाणी आमच्याकडून तुमच्याकडे वाहतं!’ धुळ्याकडचे म्हणाले, ‘मग वाहू द्या की, कार्यालयही वाहू द्या!’ सगळे हसले. जेवण झालं. शेवभाजी चांगली होती असं सगळ्यांचं एकमत झालं. दिवसभरातलं तेवढंच एकमत.

मी आकडे घेऊन गेले होते. तसेच परत आणले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीला घरी, पिंप्रीला. विहिरींची पाहणी आमच्या गावातही झाली. भिकुबाईंच्या विहिरीवर लाल रंगाने फुली मारून गेले आहेत – ‘निकामी’.

भिकुबाई म्हणजे आमच्या बांधाला लागून शेत असलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची विहीर तीन वर्षांपूर्वी आटली, केळी गेली, आता थोडी ज्वारी पिकवतात आणि आमच्याच बागेत मजुरीला येतात. मी लहान असताना त्यांच्या विहिरीवर पोहायला शिकले. पाठीला कोरडा भोपळा बांधून ढकलायच्या आणि वरून शिव्या द्यायच्या.

‘निकामी’ विहिरीला मत नाही. जिचं पाणी गेलं तिनं पाण्याबद्दल बोलायचं नाही. हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? असा माणूस घरी जाऊन नीट जेवत असेल का?

आबांना, वडिलांना, म्हटलं. आबा खुरपं घासत होते. म्हणाले, ‘सरकारनं काम शे. तू कसाले डोकं लावस?’

२२ फेब्रुवारी

लोटन नाना घरी आले. बोअरच्या तीन गाड्यांचे मालक. तालुक्यातलं निम्मं पाताळ यांनीच भोसकलंय. प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच होणार हे आता लहान पोरालाही माहीत आहे.

मायने पोहे केले. नाना खाटेवर मांडी घालून बसले, माझ्याकडे बघून हसले. ‘काय व मॅडम! शासनना माणूस आमना घर बठेल शे, आन् आमले पत्ताच नही!’

मग मुद्द्यावर आले. प्राधिकरणात आपल्या तालुक्यातून एक जागा बाईची. विहीर तिच्या नावावर हवी. गावोगाव बायकांच्या, सुनांच्या नावावर विहिरी करणं चालू झालंय. ‘पन त्या बठ्ठ्या नुसत्या सह्या करनाऱ्या,’ नाना म्हणाले. ‘आपले शिकेल पोर पायजे. झुलाल, तुनी पोर कशी ऱ्हाई?’

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बघवेना. दहावी नापास माणूस. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यांची छाती दिसत होती फुगलेली, सदऱ्यातूनसुद्धा.

मी म्हटलं मी नोकरीत आहे, मला उभं राहता येत नाही.

‘नोकरी!’ नाना म्हणाले. ‘कराराची. मार्चमा संपस.’

माझा करार कधी संपतो हे यांना कसं माहीत?

२३ फेब्रुवारी

नाही म्हणायचं. विहीर माझी नाही, मी ती खणली नाही, तिच्यावर एक दिवस मोटर चालू केली नाही. तिच्या जोरावर बसायचं म्हणजे सोंग.

२४ फेब्रुवारी

पण आत कोणीतरी बोलणारं नको का?

१ मार्च

हरकतींच्या सुनावणीची तारीख लागली – दहा मार्च, चोपड्याला. मोहपाड्याच्या जागेची माझी सूचना त्यात आहे. पायथ्याच्या गावांनी येऊन सांगितलं तर ती मान्य करावीच लागेल.

दहा मार्च! भोंगऱ्या बाजाराचा दिवस. होळीच्या आधीचा त्यांचा सगळ्यात मोठा बाजार. त्या दिवशी डोंगरातलं चिटपाखरू घरी नसतं. ढोल, चांदी, साखरेचे हार-कंगन, सोयरीक, सगळं त्या बाजारात. साहेबांना सांगितलं. ‘अरेच्चा!’ म्हणाले. मग कॅलेंडर बघितलं. ‘पण यात तर काही लिहिलेलं नाही.’

मी म्हटलं, तारीख बदला.

‘नोटीस छापून झाली मॅडम.’

बदलली नाही. मुद्दाम केलं असतं तर मला राग आला असता. मुद्दाम केलेलं नाही, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावरही काही वाटलं नाही! याची किळस येते.

१० मार्च

सुनावणी. हॉलमध्ये पुढच्या रांगेत ‘पायथा गावे’ असा कागद चिकटवलेल्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. साहेबांनी अकराला घड्याळ बघितलं, बाराला बघितलं, मग लिहून घ्यायला सांगितलं – ‘पायथ्याच्या गावांची कोणतीही हरकत प्राप्त नाही.’ मी म्हटलं, प्राप्त नाही कारण ते बाजारात आहेत. साहेब म्हणाले, ‘तेही लिहू का? बाजारात आहेत म्हणून?’ सगळे हसले.

नंतर जीप धरून भोंगऱ्याला गेले. धुळीत, ढोलात चमेलीबाई सापडल्या. गळ्यात चांदी, हातात जिलेबीचा कागद. मी सगळं सांगितलं. त्यांना एवढं हसू आलं की जिलेबी खाली ठेवावी लागली. ‘आज? आज ते आमना देव बी घर नही, ताई!’

मला मात्र रडू येत होतं. म्हटलं, काळजी करू नका, मी तुमच्या बाजूने बोलेन.

त्यांचं हसू थांबलं. ‘आमनाकरता बोलनारा लई व्हयनात,’ म्हणाल्या. ‘वनखातावाला बोलस, संस्थावाला बोलस, सायेब बोलस. आते तू.’ आणि अर्धी जिलेबी माझ्या हातावर ठेवली. ‘खाय. गरम शे.’

खाल्ली. लाज वाटत होती तरी गोड लागली.

१३ मार्च

नवं पत्रक आलं. बायकांच्या जागेसाठी सातबाऱ्यावर नाव चढायला वेळ लागतो, म्हणून अट शिथिल. नोंदणी झालेला दस्त दाखवला तरी चालेल. ‘लोकांची सोय,’ असं साहेब म्हणाले.

एक तारीख चार दिवस पुढे ढकलता येत नव्हती! आणि नानांच्या लोकांच्या सुनांसाठी नियम एका रात्रीत वाकला.

१८ मार्च

केलं. आबांनी विहीर आणि तिच्याभोवतीचा तुकडा मला बक्षीसपत्राने दिला. मी हो म्हटलं. मोहपाड्याची जागा गेली. निदान एक खुर्ची अशी असेल जिथून कोणीतरी त्यांचं नाव काढेल. चमेलीबाईंना हे आवडणार नाही हे माहीत आहे. तरी.

चोपड्याच्या नोंदणी कचेरीत अंगठे, फोटो. आबा नवं धोतर नेसून आले होते. बाहेर आल्यावर रसवंतीवर रस पाजला. ‘आते तू मालकीण,’ म्हणाले आणि डोळे पुसले. मग म्हणाले, उसाचा कण गेला.

उद्या राजीनामा.

२२ मार्च, जलदिन

राजीनामा मंजूर झाला तरी कार्यक्रमाला बोलावलं होतं, ‘भावी सदस्या’ म्हणून! ‘पाणी वाचवा’ असा मोठा फलक. तो बांधायला उंच काही मिळेना म्हणून नानांची बोअरची गाडी आणून उभी केली आणि तिच्या लोखंडी शिडीला बांधला! दीपप्रज्वलन त्याच्याखाली. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी तरी हसेल. कोणीही हसलं नाही. बोअरगाडीचा मदतनीस तेवढा वर चढून फलक सरळ करत होता आणि खालून नाना ओरडत होते, ‘जरा ताण रे, नुसतं वाचवा दिसस, पानी बी दिसू दे!’

नानांनी भाषण केलं. भावी पिढी. धरणीमाता. उठून जावंसं वाटलं, पण पहिल्या रांगेत बसवलं होतं.

२६ मार्च

लिहिताना अजून हात गरम आहेत.

दुपारी वीज गेली. मोटर बंद. मी सहज विहिरीवर गेले. माझी विहीर, एकदा बघून तरी यावी. बाग पाजून पाजून तळ दिसत होता. पाणी एवढं खाली गेलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पूर्वी कठड्याकडे गेले की माय ओरडायची, आणि नंतर मी अमळनेरला हॉस्टेलवर.

तळाच्या वर पुरुषभर उंचीवर भिंतीत चार नळ्या. आडव्या. प्रत्येकीतून धार पडत होती. बाहेर मार्चचं ऊन आणि आत पावसाळ्यासारखा आवाज!

आडवे बोअर. विहिरीत मशीन उतरवून आडवं, दूरवर भोसकत जायचं. वरून काही दिसत नाही. पाहणीत एकच विहीर लागते, खोली नियमात बसते. वर्गात आम्हाला चित्र काढून शिकवलं होतं. मी ते वहीत रंगवलंसुद्धा होतं.

सगळ्यात जाड धार पूर्वेकडची. पूर्वेला भिकुबाईंचं शेत. त्यांची विहीर बांधापलीकडे, लिंबाखाली. लाल फुलीची.

तापलेला कठडा धरून किती वेळ उभी होते.

२७ मार्च

आबांना विचारलं. गोठ्यात होते.

आधी म्हशीला वैरण टाकली. मग म्हणाले, ‘लोटननीच मारी दिधात. तीन वरीस व्हयनात.’

मी म्हटलं, भिकुबाईंचं पाणी आहे ते.

‘पानीवर नाव ऱ्हास का कोनं? बठ्ठा गाव करस. मी एकलानीच करं का?’

मी काही तरी मोठ्याने बोलले. काय ते आठवत नाही, कायद्याचं असेल. आबांनी पेंढी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

‘तुनी फी कोठून उनी व?’

तेवढंच. ओरडून नाही. म्हणजे मी वर्गात आडव्या बोअरचं चित्र रंगवत होते ते भिकुबाईंच्या पाण्यावर. पेन्सिलीसुद्धा.

आबांना वाईट म्हणता येत नाही. चांगलं म्हणता येत नाही. जेवताना त्यांनी माझ्या ताटात भाकरीवर लोणी वाढलं, मी ते बाजूला सारलं, आणि माय दोघांकडे बघत राहिली.

२९ मार्च

भिकुबाईंकडे गेले. सांगणं भाग होतं. त्या अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, नळ्या, दिशा, सगळं. मला वाटलं शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं.

सूप थांबलं नाही. ‘मंग? आते बादलीनी परत भरी देशी का?’

म्हटलं, मी त्यावर काही तरी करीन.

‘करजो,’ म्हणाल्या. ‘तू विहिरवाली शे ना आते. तुना बापले सांग, मजुरी वाढाई दे. पानी ऱ्हाऊ दे.’ मग फुंकर मारली, कोंडा माझ्या अंगावर आला. ‘सरक तठून. हवा आडवस.’

उठून आले.

२ एप्रिल

लोटन नाना परत आले, पेढे घेऊनच. बाकीच्या सगळ्या बायकांना ‘समजावलंय’. कोणी अर्ज भरणार नाही. माझा एकटीचा. बिनविरोध! अर्जाचा शेवटचा दिवस नऊ तारीख.

‘आन् पहिली मिटिंगमा पहिला ठराव तूच मांड,’ म्हणाले. ‘आडवा बोअर म्हनजे बोअर नही, तो विहिरनाच भाग. तू भूगर्भवाली. तू सांगशी ते शास्त्र व्हई. आमी सांगसू ते राजकारन.’

आबा खाली बघत होते.

मी म्हटलं, आणि नाही मांडला तर?

नाना मोठ्याने हसले. ‘आव, तुनी विहिरमा चार शेतस! तू नही मांडशी ते कोन मांडी?’ आणि मायला म्हणाले, ‘अक्का, चहामा साखर कमी शे.’

आता कळलं माझीच निवड का. शिकलेली म्हणून नाही. मी तोंड उघडलं तर माझीच विहीर आधी उघडी पडते म्हणून. खुर्चीवर बसवायचं आणि पायाला दोरी आपल्याच घरच्या खांबाची. यात अक्कल आहे, हे कबूल करायला पाहिजे. घाण, पण अक्कल.

आणि मी काय समजत होते! आत बसेन, बोलेन, मोहपाड्याचं नाव काढेन! मी त्या खुर्चीवर बसले तर जन्मभर झुलालची पोर. विहीरवालीच.

३ एप्रिल

साहेबांना फोन केला. आडव्या बोअरची पाहणी करा, पहिली माझीच विहीर घ्या. ते म्हणाले, ‘तुम्ही आता सदस्या होणार. ठराव करून आम्हाला पाठवा, आम्ही जरूर पाहणी करू.’

ठराव कोण करणार? विहीरवाले. कोणाच्या विहिरींवर? आपल्याच!

मायला म्हटलं मला अर्ज भरायचा नाही. ती म्हणाली, ‘मंग नोकरी बी गई, आन् मेंबरकी बी गई?’ बरोबरच आहे तिचं.

४ एप्रिल

पत्रक पुन्हा वाचलं. नोंदणी झालेला दस्त पुरेसा. अर्जदार तालुक्यातली रहिवासी, स्त्री, चालू विहिरीची धारक. विहीर त्याच गावात असावी असं कुठेच म्हटलेलं नाही. घरातली असावी असंही नाही.

तीनदा वाचलं.

६ एप्रिल, रविवार

मोहपाड्याला जाऊन आले. चमेलीबाईंशी लिंबाखाली बसून बोलले. आधी त्यांनी सरळ नाही म्हटलं. मग विचारलं, ‘यामा तुना काय फायदा?’ मी म्हटलं काही नाही, तोटाच आहे. ‘मंग तू खोटं बोलस,’ म्हणाल्या. मग मी त्यांना आडव्या बोअरचं सांगितलं, भिकुबाईंचं सांगितलं, फीचंसुद्धा सांगितलं. त्यांनी पाड्यातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना बोलावून घेतलं, त्यांच्यात त्यांच्या भाषेत बोलणं झालं, मला कळलं नाही. एक म्हातारा माझ्याकडे बघून काही तरी बोलला आणि सगळे हसले.

काय ठरलं ते इथं लिहीत नाही. माझा भाऊ स्वप्नील माझी वही वाचतो हे मला माहीत आहे. (वाचत असशील तर गाढवा, ठेव खाली.)

७ एप्रिल

चोपड्याला गेले. काम झालं. अंगठ्याची शाई अजून निघत नाही.

८ एप्रिल

मायने उद्यासाठी मोरपंखी साडी इस्त्री करून आणली. आबा सकाळपासून दोनदा दाढीसाठी न्हाव्याकडे जाऊन आले, गर्दी होती म्हणून परतले. जेवताना एकदम म्हणाले, ‘तू मिटिंगमा सांगजो, आडवा बोअर हळूहळू बंद करूत. एकदम नको. केळी मरी जाई.’

म्हणजे त्यांनाही बोचतंय. इतके दिवस बोचत असेल. आधी बोलले असते तर! मी ताटात बघत राहिले. आबांना वाटलं मी ऐकून घेते आहे. पाठीवर हात ठेवला.

एवढी किळस मला नानांचीसुद्धा आली नाही, जेवढी त्या क्षणी माझी आली. तरी मागे फिरले नाही. फिरावंसं वाटलं नाही हेही लिहून ठेवते.

९ एप्रिल, बुधवार

तीनला खिडकी बंद झाली. चारला यादी लागली. आबा आणि नाना दोघे पेढ्यांचा पुडा घेऊन फलकाजवळ उभे. नानांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून आबांनी मोठ्याने वाचलं. महिला जागा, अर्ज एक, बिनविरोध – चमेलीबाई पावरा, राहणार मोहपाडा. विहीर, पिंप्री.

आबांनी पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

नाना ओरडले, ‘ही कोन? हिनी विहीर कोठे शे पिंप्रीमा?’

चमेलीबाई मागेच उभ्या होत्या, चांदी घालून. मी आबांच्या समोर गेले आणि सांगितलं. सोमवारी विहिरीचं बक्षीसपत्र मी चमेलीबाईंच्या नावाने करून दिलं.